आठवड्याभरात एक टोपी

तीन महिन्यांच्या बाळाच्या लोकरी टोपीत साधारण साडेतीन हजार टाके असतात. बऱ्यापैकी सवय असलेला हात मिनिटाला वीसेक टाके विणतो, म्हणजे सगळं मिळून तीन तासांचं काम. पण घरात सलग तीन तास कोणाला मिळतात? कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची दहा मिनिटं, मुलाला क्लासला सोडल्यावरची वीस, रात्री जेवणं आटोपल्यावरचा अर्धा तास, अशा तुकड्यांत ते तीन तास आठवडाभर पसरतात. दोन सुयांवरचं विणकाम या तुकड्यांना चालतं. का चालतं, ते टाक्याच्या रचनेत पाहायला मिळतं.

टाका म्हणजे एक फास. खालच्या फासातून धाग्याचा नवा फास बाहेर ओढायचा, की खालचा बांधला जातो आणि वरचा सुईवर उघडा राहतो. सबंध टोपी म्हणजे एकाच धाग्याचे असे एकात एक अडकलेले फास. गाठ कुठेच नाही. म्हणून सुईवरचे उघडे टाके सांभाळले की काम कधीही खाली ठेवता येतं आणि चुकलं तर उसवून तोच धागा पुन्हा वापरता येतो. ताणही इथूनच येतो. मागावरच्या कापडात उभे-आडवे धागे जवळजवळ सरळ असतात, त्यांच्यात लांबायला जागा नसते. फास वळणदार असतो; ओढला की त्याचं वळण उलगडतं आणि सोडला की परत येतं. घरातला बनियन भिंगाखाली धरून पाहा, हेच बारीक फास दिसतील. १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचं यंत्र बनवलं, तेव्हापासून यंत्रंही हीच वीण काढत आली आहेत.

लोकर विकत आणली तर ५० ग्रॅममध्ये टोपी आरामात होते. पण कपाटात आखूड झालेला, हाताने विणलेला स्वेटर पडून असेल तर रविवारी तोच उसवायला घ्यावा. आधी आतली शिवण बघायची. कडा इंटरलॉक केलेल्या असतील तर तो यंत्रावरच्या कापडातून बेतून शिवलेला आहे आणि हाती वीतभर लांबीचे तुकडेच येतील; तो तसाच राहू द्या. शिवण साध्या धाग्याने घातलेली असेल तर ती उसवून भाग सुटे करायचे. मग ज्या टोकाला टाके बंद केले आहेत, बहुधा गळ्याकडचं किंवा खांद्याकडचं, तिथून सुरुवात करायची. ज्या दिशेने विणलं त्याच्या उलट दिशेनेच फास सरसर सुटतात. खालच्या पट्टीकडून ओढत बसलात तर धागा दर टाक्याला अडेल.

उसवलेला धागा नागमोडी असतो. तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लच्छी करायची, चार ठिकाणी सैलसर बांधायची, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची आणि पाणी निथळल्यावर खाली हलकं वजन अडकवून सावलीत टांगायची. खरी लोकर यात सरळ होते. ती केसांसारखीच केराटिनची असते. ओली झाली की तिच्या रेणूंमधले कमजोर बंध सुटतात आणि सुकताना नव्या स्थितीत पुन्हा जुळतात. अॅक्रिलिकवर नुसत्या पाण्याचा असा परिणाम होत नाही. हातातली लोकर कुठली आहे याची शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत काडी लावून बघावा. खरी लोकर जळक्या केसांचा वास देते आणि तिची राख बोटात चुरते. अॅक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो. आपल्याकडे दुकानात रंगीत गुंड्यांच्या राशी असतात त्यांतला बराचसा माल अॅक्रिलिक असतो, आणि बाळाच्या टोपीसाठी मला तो कमी प्रतीचा वाटत नाही. टोचत नाही, रोज धुतला तरी आटत नाही.

आता नमुना. बहुतेक जणी हा टाळतात आणि बहुतेक बिघडलेल्या टोप्यांचं कारण तिथेच सापडतं. मध्यम जाडीच्या लोकरीला दहा नंबरच्या सुया घ्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: आठ नंबर ४ मिलिमीटरची, दहा नंबर सव्वातीनची. चाळीसेक टाके घालून एक सुई सुलट, एक सुई उलट असा चौकोन विणा, धुवून वाळवा आणि मग मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा २४ आले. तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४० सेंटिमीटर असतो. टोपी ताणून बसायला हवी, म्हणून ३५ चा हिशेब धरायचा; त्याचे ८४ टाके, आणि शिवणीत जाणारे दोन मिळून ८६. तेच ८४ टाके कोणाच्या सैल हाताने १० सेंटिमीटरला २२ असे पडले तर घेर ३८ च्या वर जातो आणि टोपी डोळ्यांवर येते. घट्ट हाताने २६ पडले तर घेर जेमतेम ३२. हात बदलू नये, सुई बदलावी.

टाके घालायच्या आधी सव्वा ते दीड मीटर धागा मोकळा सोडा, आणि दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घाला, म्हणजे कड घट्ट होणार नाही. पहिले तीन सेंटिमीटर दोन सुलट, दोन उलट. ८६ टाक्यांत ही जोडी अशी बसते की सुरुवातही दोन सुलट टाक्यांनी होते आणि शेवटही.

ही पट्टी नुसती शोभेची नसते. सुलट टाक्यात फास मागून पुढे ओढलेला असतो, उलट टाक्यात पुढून मागे. सगळे फास एकाच बाजूला ओढलेले असले की वाकवलेला धागा सरळ व्हायला बघतो आणि सगळा जोर एका दिशेला जातो. म्हणून साध्या विणीच्या कडा गुंडाळतात. खालची-वरची कड सुलट बाजूकडे वळते, डावी-उजवी उलट बाजूकडे. दोन सुलट, दोन उलट केलं की शेजारशेजारचे जोर एकमेकांना छेद देतात आणि कड सपाट राहते. शिवाय सुलट टाक्यांच्या रांगा पुढे येतात, उलट टाक्यांच्या मागे दडतात, त्यामुळे पट्टी आडवी आक्रसून डोक्याला धरून बसते. पट्टी झाली की एक सुई सुलट, एक सुई उलट करत एकूण उंची साडेनऊ सेंटिमीटर होईपर्यंत सरळ विणत जायचं. हा भाग टीव्ही बघतही होतो.

मध्येच दारावर इस्त्रीवाला येतो, फोन वाजतो. परत आल्यावर कुठली सुई कुठल्या हातात, हा प्रश्न पडतो. गुंडीकडे जाणारा धागा नेहमी शेवटी विणलेल्या टाक्यातून निघालेला असतो. टाके दोन्ही सुयांवर वाटलेले असतील तर तो टाका उजव्या हातात यायला हवा. सगळे एकाच सुईवर असतील तर ती सुई डाव्या हातात, धागा टोकाशी. पट्टीत पुढचा टाका सुलट की उलट, हे लक्षात ठेवायची गरज नाही. सुईखालच्या टाक्याच्या गळ्याशी आडवी गाठ दिसली तर उलट, इंग्रजी व्हीचा आकार दिसला तर सुलट. एखादा टाका सुईवरून निसटून खाली चारपाच ओळी शिडी पडली तर क्रोशाची सुई त्या फासात घालून शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर यायचं. खरी लोकर खरखरीत असल्याने टाका जागीच थांबतो. अॅक्रिलिक गुळगुळीत असतं, त्यात शिडी भरभर उतरते, तेव्हा हात चालवावा.

घरात मांजर असेल तर आठवड्यातली एक दुपार तिच्यासाठी राखून ठेवा. सरपटणारा धागा तिला शिकार वाटतो यात तिची चूक नाही. पण मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात; धागा तोंडात गेला की तिला तो थुंकता येत नाही, आत आतच जातो. पोटात लांब धागा एका टोकाला अडकला तर आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि धागा आतड्याला कापूही शकतो. तोंडातून किंवा शेपटीखालून धाग्याचं टोक दिसलं तरी ते ओढू नका. तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. उलट्या होत असतील, खाणं सुटलं असेल, तर धागा दिसला नाही तरीही.

उपाय घरच्याघरी होतो. बिस्किटांची किंवा लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी घ्यायची, झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडायचं (खिडकी उघडी ठेवून, वास वाईट येतो) आणि भोकाची कड पॉलिश पेपरने घासायची, नाहीतर ती धागा खरवडत राहील. गुंडी आत, धागा भोकातून बाहेर, झाकण घट्ट. काम थांबवलं की सुयाही कपाटात. तिला खेळायचं असेल तर कागदाचा बोळा द्या.

टोपीचा माथा हा सगळ्यांत गमतीचा भाग. सुलट बाजूने १ टाका, मग १० सुलट आणि दोन एकत्र असं सात वेळा, शेवटी १ टाका. परतीची सुई साधी उलट. पुढच्या वेळी ९ सुलट आणि दोन एकत्र, मग ८. दर दोन सुयांना सात टाके कमी होतात. सातच का? परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पट असतो. या लोकरीच्या दोन सुयांची उंची सुमारे ६ मिलिमीटर, म्हणजे सपाट चकतीसाठी परीघ दर वेळी पावणेचार-चार सेंटिमीटर, नऊएक टाके, कमी व्हायला हवा. तेवढे कमी केले तर माथा ताटलीसारखा सपाट होईल. सातने तो हळूहळू मिटतो आणि घुमट येतो. दहा वेळा असे टाके कमी केल्यावर १६ उरतात. पुढची सुलट सुई कडेचे दोन सोडून सगळे दोन-दोन एकत्र, राहिले नऊ. धागा हातभर ठेवून कापायचा, दाभणात ओवून त्या नऊ टाक्यांतून काढायचा, आवळायचा आणि त्याच धाग्याने बाजू शिवून टाकायची.

धाग्याची टोकं आतल्या बाजूने टाक्यांत दोन दिशांना ओवून मगच कापा. आत सुटा धागा राहिला तर तो बाळाच्या बोटाला वेटोळं घालून रक्तपुरवठा तोडू शकतो. जाळीची नक्षी आणि ओघळणारे गोंडेही याच कारणासाठी नकोत. टोपी बाहेर जाताना घालावी; घरात झोपलेल्या बाळाला ती घालून ठेवू नये, कारण अंगातली जादा उष्णता बाहेर टाकायला बाळाला उघडं डोकं लागतं. हे घरातल्या आजीला पटवणं विणण्यापेक्षा अवघड जाईल.

धुताना खरी लोकर कोमट पाण्यात, न घासता, न पिळता. तिच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि टोपी बाहुलीच्या मापाची होते. अॅक्रिलिक चोळलं तर बिघडत नाही, पण त्यावर गरम इस्त्री फिरवली की वीण कायमची लुळी पडते. उन्हाळ्यात ठेवून देताना कसरीचा विचार खऱ्या लोकरीपुरताच करावा, कारण तिच्या अळ्या केराटिन खातात, अॅक्रिलिक नाही. टोपी धुवून, खडखडीत वाळवून घट्ट बंद पिशवीत ठेवावी. डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांत मुळीच घालू नयेत. जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थॅलिनच्या वाफेने फुटतात, तीव्र कावीळ होते, आणि अशी कमतरता आहे हे घरच्यांना आधी बहुधा माहीतही नसतं.