मिस्त्री सापडला!

नेदरलँड्समधली गाड्यांची सक्तीची तपासणी, म्हणजे 'एपीके', जवळ आली आणि आमच्या पिकअपचा मागचा एक शॉकअप तेल गाळताना दिसला. गळका शॉकअप तिथे चालत नाही. आपल्याकडे नाक्यावरच्या मिस्त्रीला हाक मारली असती. इथली मजुरी ऐकून मीच पाना उचलला.

जोडीच आणली, कोनीची. १८५७ साली घोडागाड्यांचं सामान बनवत सुरू झालेली ही इथलीच कंपनी. पुढच्या चाकांना ओट लावली, ॲक्सल स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. गंजलेले बोल्ट रात्रभर तेल पाजल्यावर सुटले. शेवटचा पीळ मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावर दिला, नाहीतर रबरी बुश पिळवटून लवकर फाटतात.

गतिरोधकावर गाडी एकदाच दबली आणि शांत झाली. बायको म्हणाली, "चला, मिस्त्री सापडला!"