रेडिओ स्टेशन हस्तांतरित होतं तेव्हा नेमकं काय हातातून हातात जातं?

2025 च्या जुलैमध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणासाठी दोन वर्षांकरता मंजूर केलेले सुमारे 110 कोटी डॉलर काढून घेतले. त्यानंतर हे पैसे स्टेशनांपर्यंत पोहोचवणाऱ्या कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगने आपलं काम गुंडाळायला घेतलं. ज्या विद्यापीठांकडे किंवा शहरांकडे रेडिओ-टीव्हीची स्टेशनं आहेत, त्यांच्यापुढे जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला: हे आपण चालवायचं, की दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं?

माध्यमांवर संशोधन करायचं ठरवत असाल तर हा विषय तुम्हाला खुणावेल. ‘लोकांनी आपलं रेडिओ स्टेशन वाचवलं’ असा मथळा वाचला की प्रबंध तयारच आहे असं वाटतं. पण या वाक्यातले ‘लोक’ म्हणजे कोण, आणि ‘स्टेशन’ म्हणजे काय, हे दोन शब्द आधी सोडवावे लागतात. एक प्रकरण नीट बघू आणि मग त्याच्या शेजारी आणखी दोन ठेवू.

वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाजवळ पॅसिफिक लुथरन हे खासगी विद्यापीठ आहे. 1966 पासून केपीएलयू हे स्टेशन त्यांच्या मालकीचं होतं. 88.5 मेगाहर्ट्झवर जॅझ आणि बातम्या, असा त्याचा साचा. नोव्हेंबर 2015 मध्ये विद्यापीठाने जाहीर केलं की हे स्टेशन युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला विकायचं ठरलंय. किंमत 70 लाख डॉलर रोख आणि वर 10 लाख डॉलरच्या प्रायोजकत्वाच्या घोषणा. घेणाऱ्यांकडे सिएटलमध्ये केयूओडब्ल्यू हे बातम्यांचं स्टेशन आधीपासून होतं. त्यामुळे 88.5 वर मुख्यतः जॅझ राहणार आणि केपीएलयूची स्वतःची बातमीदारी थांबणार, असा बेत होता.

श्रोते चिडले. वर्षानुवर्षं त्यांनी देणग्या दिल्या होत्या, आणि विक्रीची गोष्ट त्यांना करार झाल्यावर कळली. आता कायद्याच्या नजरेने बघा. देणगी स्टेशनच्या नावाने दिली तरी ती जमा होते परवानाधारकाकडे, म्हणजे विद्यापीठाकडे. देणगीदार हा भागधारक नसतो, त्याला मत नसतं. ज्याच्या पैशावर स्टेशन चालतं तो एक आणि ज्याच्या सहीने ते विकलं जातं तो दुसरा. या विषयातला सगळा पेच इथे आहे.

‘मग सरकारी नियामक काय करतो?’ असं तुम्ही विचाराल. परवाना एका हातातून दुसऱ्या हातात जायला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनची, म्हणजे एफसीसीची मंजुरी लागते. अर्ज जाहीर होतो, हरकतींना मुदत मिळते. पण 1934 च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टचं कलम 310(ड) एफसीसीचे हात बांधतं. समोर आलेला खरेदीदार पात्र आहे का, एवढंच तिने तपासायचं. ‘याच्यापेक्षा दुसरा खरेदीदार लोकांच्या जास्त हिताचा ठरला असता का?’ हा विचार तिला करताच येत नाही. कार्यक्रमांचा साचा बदलेल, ही तक्रारही फारशी चालत नाही. 1981 मध्ये डब्ल्यूएनसीएन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, साचा बाजारावर सोडण्याचं एफसीसीचं धोरण कायम ठेवलं.

म्हणजे श्रोत्यांनी एफसीसीच्या दारात कितीही गर्दी केली तरी निर्णय फिरण्याची शक्यता कमी. पटवायचं असतं विकणाऱ्याला. आणि विकणारा बोलतो तो खरेदीदाराशी, गर्दीशी नाही.

टकोमामध्ये श्रोत्यांनी तेच केलं. ‘फ्रेंड्स ऑफ 88.5 एफएम’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. दोन्ही विद्यापीठं थांबायला तयार झाली. अट अशी की 30 जून 2016 पर्यंत 70 लाख डॉलर जमवा. हजारो लोकांनी पैसे दिले आणि मे महिन्याच्या अखेरीसच आकडा पूर्ण झाला. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर परवाना नव्या संस्थेकडे आला.

आता हस्तांतराची यादी करून बघा. परवाना आला, प्रसारणाची यंत्रणा आली, कर्मचारी आले, श्रोत्यांची सवय आली. केपीएलयू हे नाव मात्र आलं नाही, कारण त्यात विद्यापीठाची आद्याक्षरं होती. स्टेशन केएनकेएक्स झालं. ही अक्षरं इंग्रजीत ‘कनेक्ट्स’ अशी वाचता येतात. विद्यापीठाच्या आवारातली जागाही कायमची नव्हती, पुढे स्टेशन टकोमा शहराच्या मध्यभागी गेलं. आणि विद्यापीठाची सावली गेली. पगार, भाडं, हिशेबतपासणी, कायदेशीर सल्ला, हे सगळं आता नव्या संचालक मंडळाच्या डोक्यावर. 70 लाख डॉलर ही फक्त प्रवेश फी होती.

दुसरं प्रकरण न्यूयॉर्कचं. डब्ल्यूएनवायसी हे 1924 पासून महापालिकेचं रेडिओ स्टेशन. 1995 मध्ये महापौर रुडी जुलियानी यांच्या प्रशासनाने एएम आणि एफएम ही दोन्ही स्टेशनं डब्ल्यूएनवायसी फाउंडेशनला 2 कोटी डॉलरना, सहा वर्षांत फेडायच्या बोलीवर, द्यायचं ठरवलं. परवाने 1997 मध्ये हस्तांतरित झाले. शहराने आपलं टीव्ही स्टेशन मात्र खासगी कंपन्यांना 20 कोटी 70 लाख डॉलरना विकलं.

दोन आकड्यांमध्ये एवढं अंतर का? टीव्हीची वाहिनी जाहिरातीवर चालणाऱ्या कंपनीला घेता येत होती, आणि तिला बाजारभाव मिळाला. रेडिओच्या बाबतीत एक बारकावा लक्षात ठेवा. अमेरिकेत एफएमचा 88 ते 92 मेगाहर्ट्झ हा पट्टा अव्यापारी स्टेशनांसाठी राखीव आहे. टकोमाचं 88.5 या पट्ट्यात येतं, म्हणून तिथे व्यापारी कंपनी बोली लावूच शकत नव्हती. न्यूयॉर्कचं 93.9 राखीव पट्ट्याबाहेर आहे. ते व्यापारी कंपनीलाही देता आलं असतं, तरी शहराने ते फाउंडेशनला दिलं. ‘किंमत’ हा चल अभ्यासायचा असेल तर आधी डायलवरची जागा बघा. नाहीतर दोन वेगळ्या बाजारांची तुलना करून बसाल.

तिसरं प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोचं, आणि ते मुद्दाम ठेवलंय. युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचं केयूएसएफ हे स्टेशन 90.3 वर चालायचं. 18 जानेवारी 2011 रोजी त्याचं प्रसारण अचानक थांबवलं गेलं. 37.5 लाख डॉलरचा सौदा आधीच ठरला होता, खरेदीदार होतं क्लासिकल पब्लिक रेडिओ नेटवर्क. पाठीराख्यांनी निदर्शनं केली, एफसीसीकडे हरकत नोंदवली. प्रकरण वर्षभराहून जास्त रेंगाळलं, पण 2012 मध्ये एफसीसीने हस्तांतराला मंजुरी दिली.

हे तिसरं प्रकरण नसतं तर आपण सहज लिहिलं असतं, ‘समाज पेटून उठला की स्टेशन वाचतं.’ समाज सॅन फ्रान्सिस्कोतही उठला होता. फक्त यशस्वी उदाहरणं निवडली की असे निष्कर्ष हमखास निघतात. संशोधनाच्या पद्धतीत याला निवडीचा दोष म्हणतात. तिन्ही प्रकरणं एकत्र ठेवली की प्रश्न अधिक धारदार होतो: विकणाऱ्याने कुणासाठी थांबायचं कबूल केलं? न्यूयॉर्कमध्ये फाउंडेशन 1979 पासूनच अस्तित्वात होतं, म्हणजे पात्र खरेदीदार दारात उभा होता. टकोमात तो काही आठवड्यांत तयार झाला आणि त्याला मुदत मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोत विकणारा थांबला नाही. तीन प्रकरणांवरून कारण सिद्ध होत नाही हे खरं, पण गृहीतक मांडण्याइतका आधार नक्की मिळतो.

‘हे भारतात करता येईल का?’ जसंच्या तसं नाही. आपल्याकडे सामुदायिक रेडिओची परवानगी हस्तांतरित करता येत नाही, असं धोरणातच लिहिलंय. म्हणजे म्हसवडच्या माणदेशी तरंगसारख्या स्टेशनचा अभ्यास करताना ‘मालक कसा बदलतो’ हा प्रश्न लागूच होत नाही. ‘चालवणारी संस्था थकली तर आवाजाचं काय होतं’ हा होतो. कायदा बदलला की संशोधनाचा प्रश्नही बदलतो. परदेशी आराखडा उचलून इथे बसवण्याआधी हे तपासा.

सुरुवात कुठून करायची? बातम्यांच्या कात्रणांआधी कागद वाचा. एफसीसीकडचा हस्तांतराचा अर्ज सार्वजनिक असतो आणि सोबत खरेदीचा करारही जोडलेला असतो. अमेरिकी ना-नफा संस्थांचं 990 क्रमांकाचं वार्षिक विवरणपत्र कुणालाही बघता येतं. करारात एक यादी असते, काय दिलं आणि काय वगळलं याची. त्या दोन रकान्यांत काय-काय आहे ते आधी वहीत उतरवून काढा: नाव, जुन्या ध्वनिफिती, देणगीदारांची यादी, मनोऱ्याचं भाडं, माणसं. मग ज्यांची नोकरी किंवा कार्यक्रम ‘वगळलेल्या’ रकान्यात गेला, त्यांच्या मुलाखतींची वेळ ठरवा. मथळ्यात स्टेशन वाचलेलं असतं. त्यांच्यासाठी ते वाचलं का, हे त्यांनाच विचारावं लागतं.