दुबईला निघण्याआधी बॅग उघडा

दिवाळीत दुबईतल्या लेकाकडे निघालेल्या जालन्याच्या आईच्या बॅगेत अनारसे असणारच. नेमके तेच आधी बाहेर काढा. अनारशांवरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत अंमली पदार्थ म्हणून निषिद्ध आहे. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, पण तिथला कस्टमवाला अनारसा ओळखत नाही, खसखस ओळखतो. घरी कुटलेल्या मसाल्यातही ती असते; तेव्हा बरणी भरताना आत काय काय पडलंय ते आठवा. शेव, शंकरपाळे खुशाल न्या.

गोळ्यांचंही तेच. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. तिथे न्यायला सरकारची आगाऊ परवानगी लागते. चिठ्ठी इंग्रजीत घ्या, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. विमान मुंबईहून असेल तर रात्रीची देवगिरी एक्सप्रेस सोयीची, किंवा समृद्धी महामार्गाने गाडी. मात्र हाताशी वेळ ठेवूनच निघा. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. चार्जरला चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. अनोळखी बायकांचे फोटो काढू नका.

आणि ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे कामाला लावतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. एजंट नोंदणीकृत आहे का, ते केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं.