एकाच वाचकासाठी लिहिलेली पत्रे

नोकरी मागणाऱ्या पत्रांत आजही अभ्यासावे असे एक पत्र जवळजवळ साडेपाचशे वर्षांपूर्वीचे आहे. १४८२च्या सुमारास तिशीतल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्यासाठी त्याचा मसुदा केला. मिलान तेव्हा युद्धांच्या धामधुमीत होते. म्हणून पत्रात आधी आले ते सहज हलवता येणारे पूल, वेढा घालण्याच्या युक्त्या, तोफा आणि आच्छादित रथ. चित्रकला अगदी शेवटी, आणि तिच्यासोबत लुदोव्हिकोच्या वडिलांच्या स्मरणार्थ ब्राँझचा घोडा घडवण्याची तयारी. पुढे १४९९पर्यंत लिओनार्दो मिलानमध्ये होता.

लंडनमध्ये पुस्तकबांधणीची उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरेडेने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पत्राने काम मागितले. उत्तर आले नाही.

१८१२च्या डिसेंबरात त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांना लिहिले, पण या वेळी पत्र एकटे गेले नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हींची चार व्याख्याने त्याने ऐकली होती. त्यांची टिपणे स्वच्छ उतरवून, आकृत्या काढून, स्वतः बांधून त्याने सोबत पाठवली. मुलगा किती लक्ष देऊन ऐकतो आणि त्याचा हात किती नेटका आहे, हे डेव्हींना त्या पानांवरच दिसले. मार्च १८१३मध्ये फॅरेडे त्याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक झाला, आठवड्याला २५ शिलिंग पगारावर.

मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वर्षाला २० पौंड मिळवणारे श्रीनिवास रामानुजन यांनाही आधी केंब्रिजच्या दोन गणितज्ञांकडून दाद मिळाली नव्हती. १६ जानेवारी १९१३च्या पत्रात त्यांनी केंब्रिजचेच गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्याच पुस्तिकेतल्या एका विधानावर बोट ठेवले. अविभाज्य संख्यांसंबंधी जे सूत्र अजून सापडलेले नाही असे हार्डी म्हणत होते, ते आपल्याला मिळाल्याचे त्यांनी कळवले. तो दावा पुढे टिकला नाही. पण पत्रासोबतच्या पानांमधल्या प्रमेयांनी हार्डींना खिळवून ठेवले. मार्च १९१४मध्ये रामानुजन इंग्लंडच्या बोटीत चढले.

४ जून १९२४ रोजी ढाक्याहून भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइन यांना आपला शोधनिबंध पाठवला. त्यांनी मागितले ते एवढेच: निबंध योग्य वाटल्यास तो जर्मनीत छापून आणावा. आइन्स्टाइन यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करवला. बोस यांना युरोपात दोन वर्षे काम करण्याची वाट त्यातूनच खुली झाली.

आज एकच मजकूर, फक्त नाव बदलून, क्षणात शेकडो कंपन्यांना पाठवता येतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळते. नोकरीच्या किंवा नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात असलेल्यांनी या आठवड्यात एकच कंपनी निवडावी. तिचे अलीकडचे काम नीट पाहावे, त्यात कुठे अडते ते शोधावे आणि तेवढ्याच अडचणीवर आपण केलेले काही सोबत जोडून पत्र पाठवावे.