कारखान्याच्या टाकीतला गाळ बसतो का? अर्ध्या तासाची चाचणी

गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या खालच्या गावांत ओढ्याच्या पाण्याची चर्चा सुरू होते. पाणी काळं दिसलं, वास सुटला की तक्रारी होतात. पण टाकीतला बिघाड बऱ्याचदा त्याआधीच सुरू झालेला असतो आणि तो गाळावरून ओळखता येतो.

साखर कारखाने, डिस्टिलरी, दूध प्रकल्प यांच्याकडे सांडपाण्यासाठी हवाबंद टाक्या असतात. त्यातल्या 'यूएएसबी' प्रकारात पाणी खालून सोडतात, ते ताशी साधारण अर्धा ते एक मीटर वेगाने वर चढतं. तळाच्या गाळातले जिवाणू त्यातली घाण खातात आणि मिथेन गॅस तयार होतो. नेदरलँड्समध्ये गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्या तिथल्या बीटसाखर कारखान्याच्या सांडपाण्यावरच झाल्या.

टाकी नीट चालत असेल तर जिवाणू एकमेकांना चिकटून राजगिरा-मोहरीएवढे दाणे बनतात. दाणे जड, म्हणून पाणी वर गेलं तरी ते खाली राहतात. दाणे फुटून गाळ भुसभुशीत झाला, की गॅसचे बुडबुडे त्याला वर नेतात आणि तो पाण्याबरोबर बाहेर पडतो. मग घाण खाणारे जिवाणूच कमी होतात, पाणी अर्धवट शुद्ध होऊन सुटतं. हे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे टाकी पुन्हा लायनीवर यायला कित्येक महिने लागू शकतात.

चाचणी अशी करतात. गाळाचा नमुना एक लिटरच्या मोजपात्रात घ्यायचा. फार दाट असेल तर टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यानेच पातळ करायचा. हलक्या हाताने ढवळून अडकलेला गॅस जाऊ द्यायचा आणि ३० मिनिटं हलवायचं नाही. समजा गाळ ३०० मिलिलिटरवर बसला आणि त्या एक लिटरमधल्या गाळाचं वाळवून वजन १५ ग्रॅम भरलं. ३०० भागिले १५, म्हणजे २०. चांगल्या दाणेदार गाळाचा आकडा १० ते २० च्या आसपास असतो. तो वाढत चालला तर गाळ हलका होतोय असं समजायचं.

दुसरी रीत वेगाची. पाण्याने भरलेल्या उंच नळीत दाणा सोडून घड्याळ लावायचं. सेकंदाला एक सेंटिमीटर म्हणजे ताशी ३६ मीटर. ताशी २० मीटरच्या खालचा गाळ कमजोर, ५० च्या वरचा उत्तम धरतात.

एका दिवसाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. नमुना दर वेळी त्याच उंचीवरून घ्यावा, तापमानही सारखं ठेवावं. नमुना काढणं प्रकल्पाच्या माणसांचंच काम, कारण टाकीजवळ विषारी गॅस असू शकतो.

ग्रामसभेत कारखान्याचे अधिकारी आले तर ओढ्याबद्दल विचारताना हेही विचारा: गेल्या दोन महिन्यांत गाळ बसण्याचे आकडे किती आले? नोंदवही असेल तर उत्तर लगेच मिळेल.