संदेशवाहक तारांची तुलना

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली व २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र अस्तित्वात आले. त्या काळी गच्चीवरील ॲन्टेनापासून घरात उतरणारी चपटी दुहेरी तार अनेकांच्या परिचयाची होती. पुढे तिची जागा गोल को-ॲक्सियल केबलने घेतली. असे का झाले, हे दोहोंच्या विद्युत् गुणधर्मांवरून कळते.

तारेच्या प्रत्येक मीटरला काही प्रवर्तकत्व व काही विद्युत् धारणा असते. या दोहोंच्या गुणोत्तराचे वर्गमूळ म्हणजे तारेचा लाक्षणिक संरोध होय. चपट्या तारेचा संरोध सामान्यतः ३०० ओहम, आरजी-५९ केबलचा सुमारे ७५, तर आरजी-५८चा सुमारे ५० ओहम असतो. ३०० ओहमची तार ७५ ओहमच्या ग्राहक यंत्राला सरळ जोडल्यास ३६ टक्के शक्ती परावर्तित होते. म्हणून मध्ये जुळणी करणारा छोटा रोहित्र बसवावा लागतो.

दुसरा गुणधर्म क्षीणनाचा. १०० मेगाहर्ट्झ कंप्रतेला शंभर मीटर लांबीत कोरड्या चपट्या तारेत सुमारे ४, आरजी-५९मध्ये ११ व आरजी-५८मध्ये १६ डेसिबेल घट होते. म्हणजे आरजी-५८च्या अवघ्या वीस मीटरांत निम्मी शक्ती उष्णतारूपाने नाहीशी होते.

आकड्यांत चपटी तार सरस ठरते खरी. पण तिचे विद्युत् क्षेत्र बाहेर पसरलेले असते. पावसाचे पाणी, काजळी किंवा जवळचा लोखंडी नळ यांमुळे तिची घट वाढते. को-ॲक्सियल केबलमध्ये हे क्षेत्र बाह्य जाळीच्या आतच राहते. कोकणातील पावसाळ्यात हाच गुण निर्णायक ठरतो.

दुर्बळ संदेशाच्या बाबतीत तारेतील घट अधिकच घातक असते. आरंभीच गमावलेला संदेश पुढे वर्धकाने भरून निघत नाही, कारण त्याबरोबर गोंगाटही वाढतो. नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तेथे अल्प गोंगाटाचे वर्धक तबकडीच्या नाभीपाशीच बसविलेले असून, मध्यवर्ती केंद्रापर्यंतचा काही किलोमीटरांचा प्रवास संदेश प्रकाशतंतूंतून करतात. तेव्हा तार निवडताना कंप्रता, लांबी व हवामान या तिन्हींचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.