साडेबाराचं ताट

पहाटे 5.40

आज इंग्लंडात रेल्वे बंद, आमच्या बाजूच्या बसही बंद. चेचीने गाडी दाराशी आणली म्हणून कामावर पोचणार. चेची आमच्या केअर होममधली सीनियर केअरर, मूळची कोट्टायमची. वयाने मोठी म्हणून तिथल्या सगळ्या भारतीय मुली तिला चेची म्हणतात, मीही म्हणते. तिचं नाताळचं जेवण उरकलंसुद्धा. त्यांच्या सिरियन ख्रिस्ती घरात 25 दिवसांचा उपास असतो, मांस-मासे वर्ज्य. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तो सुटतो. आज पहाटे चारला उठून तिने अप्पम आणि मटणाचा स्ट्यू केला. डबा माझ्यासाठीही आहे. गाडीभर नारळाच्या दुधाचा वास.

"दुपारपर्यंत काय थांबायचं?" ती म्हणते. "सण उजाडला की जेवायचं."

मी काही बोलत नाही. पुढचे सात तास मला याच प्रश्नाशी झटायचंय.

6.00

मी मिरजेची. वेस्ट यॉर्कशरमधल्या या केअर होमच्या स्वयंपाकघरात सहा वर्षं झाली. इथे 38 आजी-आजोबा राहतात, सगळे ऐंशीच्या आगेमागे किंवा पुढे. नाताळचं जेवण कितीला, हे पहिल्या वर्षी मी कुणाला विचारलं तर लोक हसायचे. मग मला जुन्या आचाऱ्याची वही सापडली. खिळ्याला टांगलेली, तेलकट पुठ्ठ्याची. दर 25 डिसेंबरला त्याने दोन-तीन ओळी लिहून ठेवल्यात. एका वर्षी: 'बाराला वाढलं. नाश्ता पोटात होता. स्प्राउट्स जसेच्या तसे परत.' दुसऱ्या वर्षी: 'सव्वा एक. निम्मे खुर्चीतच झोपले.' पुढच्या वर्षी नुसतं 'साडेबारा' आणि खाली दोन रेघा.

साडेबारा म्हणजे साडेबारा. तिथून उलटा हिशेब लावायचा. 12.30 ला ताट पुढ्यात, तर पावणेबाराला कापायला सुरुवात, त्याआधी पाऊण तास पक्षी बाहेर निवायला, म्हणजे अकराला ओव्हनमधून बाहेर. टर्की दोन, प्रत्येकी 6 किलोची. किलोला 40 मिनिटं, म्हणजे चार तास. म्हणून सातला आत. आणि ती गोठवलेली येत असल्याने फ्रिजमध्ये सुटी व्हायला किलोमागे दहा-बारा तास लागतात, म्हणून दोन्ही टर्की 22 तारखेला सकाळीच बाहेर काढल्या होत्या. नाताळचं जेवण कितीला, हे लोक 25 ला विचारतात. माझ्याकडे ते 22 लाच ठरलेलं असतं.

7.00

टर्की आत. 180 डिग्री. त्याच मिनिटाला आईचा फोन. तिच्याकडे साडेबारा वाजलेत, ती नुकतीच पानावर बसलीय.

"अगं, जेवलीस का?"

"आई, इथे सकाळचे सात वाजलेत."

"मग आज सण ना तुमच्याकडे? कितीला जेवणार?"

"साडेबाराला."

"वेळेत आहे की," आई म्हणाली आणि तिने विषय संपवला. तिच्या लेखी सणाचं जेवण बारा-साडेबारालाच असतं, कारण नैवेद्य तेव्हा दाखवायचा असतो. आमच्या घरी गौरी जेवायच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, वडे सगळं तयार असे, आणि आम्ही पोरं आरती कधी संपते याची वाट पाहत ताटकळत असू. जेवणाची वेळ देव ठरवतो, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं की ती चुलीपुढे बसलेली बाई ठरवायची आणि नाव देवाचं पुढे करायची.

8.15

खिडकीबाहेर आत्ता कुठे उजाडायला लागलंय. नाश्ता मुद्दाम हलका: पॉरिज, अर्धा टोस्ट. कुणी आज सॉसेज मागितलं तर मी ऐकू न आल्यासारखं करते.

औषधांची फेरी सुरू झाली. ज्यांना नाताळच्या जेवणाची वेळ ही चवीची गोष्ट वाटते, त्यांनी एकदा या ट्रॉलीमागून चालावं. चौदा नंबरच्या आजोबांना पार्किन्सन्स आहे. त्यांची लेवोडोपाची गोळी घड्याळावर चालते. दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तर हात चालेनासा होतो. आणि ती गोळी प्रथिनांबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही, म्हणून ती जेवणाच्या अर्धा तास आधी जाते. त्यांची दुपारची गोळी बाराला. मग त्यांनी टर्की खायची ती साडेबाराला, हातात काटा नीट धरता येतो तेव्हा. दीडला वाढलं तर तोवर गोळीचा जोर उतरणीला लागू शकतो आणि शेजारी बसलेल्या मुलीला त्यांना भरवावं लागतं. याशिवाय इन्सुलिनवाल्या तीन आज्या आहेत. जेवण लांबलं तर त्यांचा हिशेब वेगळाच बिघडतो. एकूण काय, आमचा मुहूर्त नर्सच्या तक्त्यात असतो.

9.30

बटाटे. 15 किलो. अर्धवट उकडून, चाळणीत हलवून कडा खडबडीत करायच्या, म्हणजे बदकाच्या चरबीत त्या कुरकुरीत होतात. स्प्राउट्स कालच सोललेत. ही भाजी इथे कुणालाच आवडत नाही आणि तिच्याशिवाय कुणाचं पानही पूर्ण होत नाही. आपल्या पानातली डावीकडची कोशिंबीर तरी लोक चाटूनपुसून खातात.

दरम्यान ऑफिसचा फोन वाजतोय. दक्षिणेतून एका आजींची सून विचारतेय, 'लंच' कितीला? ऑफिसातली यॉर्कशरची मुलगी ठसक्यात सांगते, 'डिनर' साडेबाराला. दोघी एकाच जेवणाबद्दल बोलतायत. इथल्या जुन्या माणसांचं डिनर दुपारी असतं आणि संध्याकाळचं खाणं म्हणजे टी. शाळेत मुलांना दुपारी वाढणाऱ्या बायकांना आजही सगळ्या देशात डिनर लेडी म्हणतात. अठराव्या शतकात श्रीमंतांचं डिनर दुपारवरून सरकत सरकत संध्याकाळकडे गेलं, कारण मेणबत्त्या जाळायची ऐपत होती. मध्ये पडलेल्या खड्ड्यात लंच येऊन बसला. कामकऱ्यांचं डिनर मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणून 'ख्रिसमस डिनर कितीला' या प्रश्नावर दोन इंग्रज भांडतात, तेव्हा निम्म्या वेळा भांडण वेळेचं नसतंच, आजोबा काय काम करायचे याचं असतं.

गरिबाला तर वेळ निवडायची सोयच नव्हती. डिकन्सची 1843 ची 'अ ख्रिसमस कॅरल' आठवा. क्रॅचिट कुटुंबाचा हंस घरी भाजलेला नाही, पोरं तो बेकरकडून घेऊन येतात. घरात तेवढी भट्टीच नसायची. सणाच्या दिवशी बेकरची भट्टी पावातून मोकळी असे, गल्लीतली सगळी घरं आपापला पक्षी तिथे नेऊन ठेवत, आणि बेकर देईल तेव्हा जेवत. ही गोष्ट मी बटाटे हलवताना कितीदा मनात घोळवते. मीही आज 38 घरांची बेकरच आहे.

11.00

प्रोब मांडीच्या जाड भागात खुपसला. 76. दुसरीत 78. दोन्ही बाहेर, वर फॉइल. आता त्यांना हात लावायचा नाही. हा पाऊण तास नवशिक्यांना छळतो, पण लगेच कापलं तर सगळा रस फळीवर सांडतो. आणि ओव्हन मोकळा झाला की त्यात बटाटे, पार्सनिप, बेकन गुंडाळलेली छोटी सॉसेजं, स्टफिंगचे गोळे. एका ओव्हनच्या घरात टर्की निवते तेव्हाच बाकीचं भाजतं. ही युक्ती ज्या बाईला पहिल्यांदा सुचली तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही.

11.45

कापणी. त्याच वेळी माझी मदतनीस मिक्सरपाशी. अकरा जणांना गिळायला त्रास होतो. काहींना मऊ बारीक तुकडे, पाच जणांना पूर्ण गाळलेलं. टर्की वेगळी, गाजर वेगळं, स्प्राउट वेगळा, प्रत्येक ग्रेव्हीत वाटून साच्यात घालायचं, म्हणजे गाजर निदान गाजरासारखं दिसतं. एकत्र वाटून करडा लगदा दिला तर पाच मिनिटांत काम उरकतं. पण मी ते करू देत नाही. ज्या बाईने साठ वर्षं घरी टर्की भाजली तिच्यापुढे आज लगदा ठेवायचा?

हे सगळं वाढेपर्यंत 63 डिग्रीच्या वर राहिलं पाहिजे. साचे गरम, ताटल्या गरम, मी गरम.

12.30

12.33 ला पहिलं ताट गेलं. तीन मिनिटं उशीर.

डोक्यावर कागदी मुकुट, क्रॅकर फुटतायत, एक आजोबा आतला फुसका विनोद तिसऱ्यांदा वाचून दाखवतायत. नऊ नंबरच्या आजींची मुलगी आज इथेच जेवायला आलीय. गेल्या वर्षी तिने आईला घरी नेलं होतं. बेत मोठा, पाहुणे बारा, जेवण साडेचारला. आजी सूपलाच पेंगल्या. उठवलं तेव्हा बाहेर मिट्ट काळोख, आपण कुठे आहोत ते कळेना, म्हणाल्या, "मला घरी सोडा, आई वाट पाहत असेल." मुलगी मला हे सांगताना रडली होती. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची घालमेल दिवस मावळताना वाढते, हे चेची तिला आधी सांगू शकली असती, पण तिला विचारलं कुणी? आपल्याकडे तिन्हीसांजेला जेवू नये म्हणतात. शास्त्र काय असेल ते असो, या इमारतीत तो नियम लागू आहे.

आज आजींनी तीन भाजलेले बटाटे खाल्ले. चौदा नंबरच्या आजोबांचा हात चालला. सुरीसुद्धा त्यांनीच धरली. दोघांनी टर्की बाजूला सारून पुडिंग कधी येणार विचारलं. स्प्राउट्स निम्मे परत आले.

1.40

पुडिंग. यावर ब्रँडी ओतून पेटवायची रीत आहे. पहिल्या वर्षी मी ती हौसेने पाळली आणि फायर अलार्म वाजून सगळ्या इमारतीची दारं आपोआप बंद झाली. आता दिवे मालवून पुडिंगमध्ये बॅटरीची मेणबत्ती खोचतो. टाळ्या तेवढ्याच पडतात.

3.00

सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे वळल्या. राजाचं भाषण. माझ्या मते नाताळच्या जेवणाची खरी वेळ याच भाषणाने बांधून टाकली. 1932 मध्ये पाचव्या जॉर्जने सॅन्ड्रिंगहॅमहून पहिल्यांदा रेडिओवर ते केलं, मजकूर किपलिंगचा. दुपारचे तीन निवडले ते इंग्रजांच्या जेवणाकडे बघून नाही. लघुलहरींवरून साम्राज्यातल्या जास्तीत जास्त देशांत त्या वेळी आवाज नीट पोचे म्हणून. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ. म्हणजे मिरजेला ऐकू जावं म्हणून तीन, आणि तीनच्या आत ताटं उचलली जावीत म्हणून इथल्या हडर्सफील्डच्या बायकांची धावपळ. साम्राज्य गेलं, तीन वाजणं राहिलं. 1957 पासून ते टीव्हीवर आलं. इथल्या बऱ्याच आज्या तेव्हा विशीच्या आत होत्या. शेजारच्या घरी टीव्ही बघायला गेल्याचं त्यांना आज सकाळच्या नाश्त्यापेक्षा लख्ख आठवतं.

भाषण संपायच्या आत सोळा जण झोपले. मी मोजले.

3.50

सूर्य गेला. पडदे ओढले, सगळे दिवे लावले, एका आजींनी कोट मागितला, दुसऱ्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. चेची त्यांचा हात धरून कॉरिडॉरमध्ये चकरा मारतेय. पोटं भरलेली आहेत, हीच काय ती आज जमेची बाजू.

4.20

आता आम्ही. स्वयंपाकघरात स्टीलच्या टेबलाभोवती, निम्मे उभ्यानेच. पोलंडची केअरर टर्कीला हात लावत नाही. तिचा नाताळ काल संध्याकाळीच झाला, आकाशात पहिला तारा दिसल्यावर. त्यांच्यात बारा पदार्थ, मांस नाही, आणि एक ताट अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी रिकामं. काल ढग होते, मग तारा कसा दिसला? "मुलांना खिडकीशी उभं केलं. त्यांना भूक लागली की तारा दिसतोच," ती म्हणाली.

चेचीचा स्ट्यू मी मायक्रोवेव्हमध्ये तापवला. टर्कीपेक्षा शंभर पटींनी चांगला.

5.30

टी. सँडविच, मिन्स पाय, चहा. कुणालाही भूक नाही, पण वेळ झाली म्हणून ट्रे फिरतो. ब्रेड ओला होऊन परत येतो. हा प्रकार बंद करावा असं मी मॅनेजरला तीन वर्षं सांगतेय.

6.10

वही काढली. ओल्या हाताने कोपरा भिजला.

'12.33. नऊ नंबर: बटाटे 3. चौदा नंबर: स्वतः जेवले. बटाटे कमी पडले, 17 किलो घेणे. स्प्राउट्स निम्मेच आणणे. साचे आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवू नयेत. टर्की 22 ला सकाळी.'

चेची बाहेर गाडीची काच खरवडतेय.